न ओळखलेली खिरापत

बायको माघात गेली. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि लगेच पुढच्या आठवड्यात मंडळाचे सचिव घरी आले. पाणी घेतलं, फोटोकडे पाहून हात जोडले. मग म्हणाले, रविवारच्या वर्गाचं काय ते एकदा ठरवून टाकू.

रविवारचा वर्ग म्हणजे तिचा मराठीचा वर्ग. आमचं शहर हिंदी मुलखातलं, इथं सदर भागात आमच्या मराठी मंडळाचा हॉल आहे. त्याच्या मागच्या खोलीत ती दर रविवारी सकाळी पोरं गोळा करायची. कोणाचा बाप फॅक्टरीत, कोणाचा रेल्वेत, कोणाची आई सरकारी ऑफिसात. ही पोरं शाळेत इंग्रजी बोलतात, गल्लीत हिंदी. घरी आई मराठीत हाक मारते आणि पोरगं हिंदीत 'आया' म्हणतं. त्यांना मराठी बोलायला आणि जमलं तर वाचायला शिकवायचं, एवढंच तिचं काम होतं. ती मॅट्रिक होती. पोरं तिला आजी म्हणायची.

सचिवांचं म्हणणं असं की ती खोली योगवाल्या बाईंना रविवारी पाहिजे, आणि वर्ग घ्यायला तर आता कोणी नाही. मी म्हटलं, मी घेतो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते काय पाहून राहिले होते ते मला कळत होतं. सातवी पास म्हातारा. जन्म खमरियाच्या फॅक्टरीत लेथवर गेला. शिव्या हिंदीत देतो, हिशेब हिंदीत करतो.

"काकाजी, पोरं आवरणं सोपं नसते," ते म्हणाले.

मी म्हटलं, फॅक्टरीच्या शॉपमध्ये दांडगे दांडगे लोक आवरले, ही तर पोरं आहेत.

माणूस वाईट नाही तो. त्यानं मुदत दिली. दर वर्षी कोजागिरीला मंडळात दूध होते, आणि वर्गाची पोरं भुलाबाईची गाणी म्हणतात. या कोजागिरीला गाणी म्हणायला पोरं उभी राहिली तर वर्ग राहील. नाही राहिली तर खोली योगाला जाईल. वाईट वाटून घेऊ नका, असंही म्हणाले. मी म्हटलं, नाही घेत.

मी वर्ग मराठीसाठी घेतला नाही. खोटं काहून सांगू? रविवारी सकाळी कुठे बसायचं हेच मला कळत नव्हतं. इतकी वर्षं आम्ही रांझीहून ऑटोनं सदरला जायचो. तिच्या मांडीवर स्टीलचा डबा, माझ्या हातात तिची पिशवी. ती खोलीत जायची, मी बाहेर ओट्यावर बसून पेपर वाचायचो, समोरच्या टपरीवरचा चहा प्यायचो. आत काय चालते ते मी कधी पाहिलं नाही. नुसता गोंगाट ऐकू यायचा. वापस जाताना मी तिला म्हणायचो, हा वर्ग आहे का गुरंदीचा बाजार? ती नुसती हसायची. तर तो वर्ग बंद झाला असता म्हणजे माझा ओटाही गेला असता. बस, एवढंच.

पहिल्या रविवारी मी आत गेलो तेव्हा खोलीत पोरं भरलेली होती. एक बाकावर उभं. दोन भाऊ पंख्याच्या बटणासाठी भांडून राहिले होते, एकाला गरम होत होतं, दुसऱ्याला थंड. कोपऱ्यात तिघी एका मोबाईलवर वाकलेल्या. दोन वेण्यांची एक मुलगी माझ्याच खुर्चीवर बसून माझ्याकडे पाहत होती. दहा-अकरा वर्षांची असेल. बाप दोन वर्षांपूर्वी फॅक्टरीत बदलून आलेला. वर्गाची पुढारी तीच, हे मला तिथंच कळलं.

"आजी नहीं आएंगी अब?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाही. ऊठ.

ती उठली, पण कशी? जसं मी तिच्या घरात घुसलो.

मी फळ्यावर 'अ' काढला आणि म्हटलं, म्हणा. कोणी म्हटलं नाही. एकाला पाणी प्यायला जायचं होतं. त्याला सोडलं तर सगळ्यांना तहान लागली. पाणी पिऊन आले तर सगळ्यांना दुसरीकडे जायचं होतं. मग मी टेबलावर हात आपटला आणि शॉपमध्ये ओरडायचो तसा ओरडलो. फळा हलला. पोरं जागच्या जागी बसली. मोबाईल दप्तरात गेला, पंखा जिथं होता तिथं राहिला.

मला वाटलं, झालं काम. यात काय आहे?

त्यानंतर वर्ग गप्प झाला. मी अक्षर काढायचो, ते वहीत उतरवायचे. मी विचारायचो, कळलं? ते माना हलवायचे. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, वा, काय शिस्त आहे. पण मला ते बरं वाटत नव्हतं. लेथवर काम करणारा माणूस मशीनच्या आवाजाला कंटाळतो, घरी येऊन कानात बोटं घालतो, पण आवाज एकदम बंद झाला की दचकतो तोच. ही पोरं मराठी बोलायला आली होती आणि मी त्यांचं तोंडच बंद केलं होतं.

मग ती कमी व्हायला लागली. एकाची परीक्षा, एकाचं पोट दुखते, एकाची क्रिकेटची कोचिंग. उन्हाळ्यात सगळी नागपूर-अमरावतीला मामाकडे गेली, आणि पावसाळ्यात शाळा उघडल्यावर त्यातली अर्धीच आली. पंख्यावाले भाऊ आले, कारण त्यांचा बाप त्यांना स्कूटरवर घालून आणून सोडायचा आणि तेवढ्यात बाजार करायचा. दोन वेण्यांची आली. कशासाठी यायची देव जाणे. येऊन खिडकीबाहेर पाहत बसायची.

श्रावणात तिच्या आईनं मला ओट्यावर गाठलं. काकाजी, रागावू नका, म्हणून सुरुवात केली. पोरगी घरी म्हणते, दादाजी डांटते हैं. मी म्हटलं, नाही डांटलं तर डोक्यावर बसतात. ती म्हणाली, तेही खरं आहे. मग म्हणाली, आजी डबा आणायच्या ना. पोरं त्या डब्यासाठीच धावत यायची.

डबा मी विसरूनच गेलो होतो. तो घरी मांडणीवर पालथा पडून होता.

मला वाटलं, हे असं आहे तर. खाऊची लालूच. मग आधी सांगायचं ना. पुढच्या रविवारी जाताना खोव्याची जलेबी घेतली, गरम गरम, डब्यात भरली, आणि खोलीत जाऊन झाकण उघडून टेबलावर ठेवली. म्हटलं, घ्या. पोरांनी घेतली. पाच मिनिटांत डबा साफ. बोटं चाटली, बाकाला पुसली, आणि पंख्यावाला धाकटा म्हणाला, दादाजी, अब घर जाएं? अक्षर तर अजून एकही काढलं नव्हतं.

दोन वेण्यांचीनं जलेबी घेतली नव्हती. ती उठून टेबलाजवळ आली.

"ऐसे नहीं होता, दादाजी," म्हणाली. आणि मग अडखळत, शब्द जोडत, "आधी ओळखायचं असते. झाकण बंद ठेवायचं."

त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्याशी मराठी बोलली. तिनं सांगितलं आणि बाकीच्यांनी मध्ये मध्ये जोडलं, तेव्हा मला समजलं की मी इतकी वर्षं ओट्यावर बसून कशाचा गोंगाट ऐकून राहिलो होतो.

बायको अमरावतीकडची. तिकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघरी भुलाबाई बसवतात. गाणी झाली की खिरापत वाटायची असते, पण ती आयती मिळत नाही. ज्या घरची खिरापत, ती घरवाली बंद डबा वाजवून दाखवते, आणि पोरी ओळखतात. गोड का तिखट? तळलेलं का भाजलेलं? वाटीत खायचं का हातात? ओळखेपर्यंत डबा उघडत नाही. हा महिनाभराचा खेळ होता. हिनं तो उचलून वर्षभराच्या रविवारांवर बसवून टाकला होता.

तिचे नियम पोरांना पाठ होते. डबा पहिल्यापासून टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा. सवाल मराठीतच. हिंदी शब्द आला की सवाल वाया. जो जागेवर बसला आहे त्यालाच विचारता येते. दुसऱ्याच्या मध्ये बोललं की पाळी गेली. शेवटी ज्यानं ओळखलं त्यानं ते नाव फळ्यावर लिहायचं, आणि लिहिता आलं नाही तर सगळ्यांनी मिळून लिहायचं. म्हणजे पोरांना गप्प करायची तिला गरजच पडत नव्हती. बोलायची पाळी मिळावी म्हणून ती आपणहून जागेवर बसायची.

"आणि कोणीच नाही ओळखलं तर?" मी विचारलं.

"मग आजी डबा घरी नेते," ती म्हणाली. "रूल आहे."

मी खाली बसलो. कधी कधी रविवारी डबा भरलेला वापस यायचा आणि सोमवारी सकाळी चहासोबत ती मला त्यातलं वाढायची. मला वाटायचं, माझ्यासाठी मुद्दाम मागे ठेवते. मी तसं बोलूनही दाखवायचो, पोरांपेक्षा माझी फिकीर आहे तुला. ती म्हणायची, हो, आहे ना. आता हिला काय म्हणावं?

चलो, नियम तर कळले. पण डब्यात काय घालायचं? मी दुकानातून आणत गेलो. बालूशाही आणली, डबा हलवायच्या आधीच ओळखली. शेव आणली, वाजल्याबरोबर ओळखली. या पोरांना सदरची सगळी दुकानं पाठ. एक सवाल, दोन सवाल, खेळ खलास, आणि पुढचा सगळा वेळ पोरं माझ्या बोडक्यावर. मी परत एकदा ओरडलो. परत गप्प झाली. पुढच्या रविवारी दोघं कमी आली. इकडे पितृपक्ष सरून नवरात्र बसत आलं होतं. सचिव रस्त्यात भेटले तर म्हणाले, काय काकाजी, गाणी बसवली का? मी म्हटलं, चालू आहे. चालू काहीच नव्हतं.

एका शनिवारी संध्याकाळी मी स्वतःच शेगडीपुढे उभा राहिलो. लग्नानंतर मी चहापलीकडे काही केलं नव्हतं. गुळपापडी करावी म्हटलं. तिला करताना पाहिलं होतं, म्हणजे पाठमोरी पाहिलं होतं. तुपात कणीक भाजायची, गूळ घालायचा, थापायचं. सोपं वाटलं. कणीक लाल झाली, मग त्याहून लाल झाली. गुळाचा पाक करायचा असतो का नुसता गूळ घालायचा, हे आठवेना. मी पाक केला. ताटात थापलं आणि बाहेर जाऊन बसलो. वापस आलो तर त्याची फरशी झाली होती. चाकू चालेना. वरवंट्यानं ठोकली तेव्हा तुकडे पडले.

फेकणारच होतो. पण दुसरं आणायला जायचं अंगात बळ नव्हतं. खरं सांगतो, वर्ग बंद झाला तर होऊ दे, असंही त्या दिवशी मनात आलं. सकाळी तुकडे डब्यात टाकले आणि ऑटोत बसलो. प्रत्येक खड्ड्याला मांडीवर खडखड. ऑटोवाल्यानं मागं वळून विचारलं, बाबूजी, नट-बोल्ट हैं क्या?

वर्गात डबा टेबलावर ठेवला, उचलून एकदा वाजवला. पोरं एकदम शांत झाली, पण ही माझी नेहमीची शांतता नव्हती. सगळ्यांच्या माना पुढं आल्या.

"हे खायचं आहे?" पंख्यावाल्या मोठ्यानं विचारलं.

मी म्हटलं, हो.

गोड का तिखट? गोड. तळलेलं का? नाही. दुकानातलं? नाही, घरचं.

"कोणी केलं?" दोन वेण्यांचीनं विचारलं.

मी म्हटलं, मी.

पोरं हसायला लागली. हसू द्या म्हटलं. मग त्यांनी वेगळेच सवाल सुरू केले. ते जळलं आहे का? थोडं. जास्त का थोडं? मध्यम. दात पडतील काय? तुझे पडतील, माझे पडलेलेच आहेत. आजी करायची का हे? करायची. असंच लागायचं? नाही, असं नाही लागायचं. नाव सांगा ना. नाव सांगितलं तर मग काय ओळखशील?

लाडू म्हणाले, चिक्की म्हणाले, शंकरपाळे म्हणाले. एकानं दगड म्हटलं, त्याला मी अर्धं बरोबर दिलं. धाकटा 'पत्थर' म्हणाला तर बाकीच्यांनीच त्याची पाळी काढून घेतली आणि तो माझ्याकडे फिर्याद घेऊन आला, तीही मराठीत, नाहीतर त्याची पुढची पाळीही गेली असती. मी काही शिकवत नव्हतो. मी नुसता डबा धरून उभा होतो आणि हो किंवा नाही म्हणत होतो. आवाज इतका चढला की दारात कोणी उभं आहे हे मला दिसलंच नाही.

सचिव होते. कोजागिरीचं पाहायला आले होते.

"काकाजी, रस्त्यापर्यंत आवाज येऊन राहिला," ते म्हणाले. "हा वर्ग आहे का बाजार?"

माझंच वाक्य. मी इतकी वर्षं तिला ऐकवलेलं. मी तिच्यासारखाच हसलो. मी म्हटलं, बसा. तुम्हीपण ओळखा. पण मराठीत.

ते बाकावर बसले, अवघडून. पोरं त्यांच्याकडे पाहत राहिली. त्यांनी डबा घेऊन वाजवला, वास घेतला, परत वाजवला.

"अच्छा, ठीक है," म्हणाले, "मी पास."

"पास नाही चालत," दोन वेण्यांचीनं सांगितलं. "'मला येत नाही' म्हणा."

सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"मला येत नाही," ते म्हणाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

गुळपापडी शेवटी तिनंच ओळखली. तिची आजी चंद्रपूरला करते म्हणे. नाव लिहायला मात्र सगळी फळ्याशी गोळा झाली, 'गु' ऱ्हस्व का दीर्घ यावर भांडली, मला विचारलं, मलाही पक्कं माहीत नव्हतं. सचिवांनी सांगितलं. मग तुकडे वाटले. पोरांनी ते गालात धरून चघळले. कोणाला ते आवडले नाहीत आणि कोणी फेकले नाहीत.

कोजागिरीला गाणी झाली, पोरांना आजीकडूनची पाठ होती तीच. जी पोरं यायची बंद झाली होती त्यांच्यातलीही काही वापस आली, या दादाजीच्या डब्यात काय निघेल त्याचा नेम नाही असं ऐकून. सुरात कोणी नव्हतं. पंख्यावाला धाकटा मधल्या कडव्यात आईकडे पाहून हात हलवत राहिला. आटवलेलं दूध वाटताना सचिव म्हणाले, राहू द्या वर्ग. योगवाल्या बाईंना शनिवार दिला.

लोक मला म्हणतात, तुम्ही त्यांचा वर्ग चालू ठेवला. तसं नाही. तिचा वर्ग तिच्यासोबत गेला. तिच्याकडे पोरं वाचायला शिकायची, माझ्याकडे नुसती बोलतात. जोडाक्षरं मला शिकवता येत नाहीत, ती दोन वेण्यांची लहानांना शिकवते आणि माझ्यावर डाफरते. बायको तिच्यासाठी आजी होती, मी अजून आजोबा नाही, दादाजीच आहे. गुडघे दुखतात. शनिवार उजाडला की मांडणीपुढे उभा राहतो, आज काय करायचं? शेजारच्या सूनबाईनं म्हटलं, काकाजी, मी करून देत जाईन ना. मी नको म्हटलं. तिचं चांगलं होते, पोरं लगेच ओळखतील.

मागच्या रविवारी ज्वारीच्या लाह्या गूळ लावून नेल्या. मला वाटलं, सोपं आहे, झटकन ओळखतील. पण या पोरांनी ज्वारीच्या लाह्या पाहिलेल्याच नाहीत. मुरमुरे म्हणाले, मक्याच्या लाह्या म्हणाले, साबुदाणा म्हणाले, राजगिरा म्हणाले. वेळ संपला. मी झाकणाला हात लावला, म्हटलं, जाऊ द्या, आज उघडून देतो.

"नाही, दादाजी," दोन वेण्यांची म्हणाली. "घरी न्या. रूल आहे."

बाकीच्यांनी तोंडं पाडली, पण कोणी तिला खोडून काढलं नाही.

ऑटोत डबा मांडीवर धरला. या वेळेस खडखड नव्हती, लाह्यांचा काय आवाज येणार? घरी येऊन तो मांडणीवर ठेवला आणि रविवार तसाच काढला. सोमवारी सकाळी चहा केला, झाकण उघडलं. गूळ पहिल्यांदाच बरोबर बसला होता. जळला नव्हता, चिकटही नव्हता. एक वाटी काढून घेतली. मग तिच्यासाठी दुसरी वाटी घ्यायला हात गेला, तो मागे घेतला. उभ्या उभ्याच डब्यातून खात गेलो, चहा निवेपर्यंत.